दुसरा वाचक रमाकांत हजरनीस

रमाकांत हजरनीस यांनी बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात पस्तीस वर्षं माल तपासला. त्या पस्तीस वर्षांत किती नग नापास केले याची मोजदाद त्यांनाही नव्हती. मालकाचा जावई खुर्ची ओढून शेजारी बसला आणि लाडीगोडीने "रमाकांतभाई, जवा दो ने, जाऊ द्या ना" म्हणाला, तरी नापास म्हणजे नापास. लोकांना वाटायचं, माणूस मोठा करारी आहे. खरी गोष्ट अशी की त्यांच्या हातात माप तपासायचं गेज असायचं. गेजचं एक टोक भोकात शिरलं पाहिजे आणि दुसरं शिरता कामा नये, एवढाच कायदा. मत गेजचं असायचं. रमाकांतराव ते फक्त मोठ्याने सांगायचे.

घरी आलं की मत निरुपमाबाईंचं असायचं. निरुपमाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतरही आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच ठेवलेला. पाणीगेटचं भाड्याचं घर सोडून अकोट्याला फ्लॅट घ्यायचा, मुलाला बंगळुरूला पाठवायचं, बैठकीत निळे पडदे लावायचे, या सगळ्या प्रसंगी रमाकांतरावांनी एकच शब्द उच्चारला होता. "चालेल." सोसायटीतल्या गुजराती शेजाऱ्यांनी हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता, की ते त्यांना पाठीमागे चालशेकाका म्हणत. रमाकांतरावांच्या कानावर ते आलं होतं. त्यांनी विचार केला आणि तेही चालेल असं ठरवलं.

त्यात दबून राहण्याचा भाग फारसा नव्हता. निरुपमाबाईंचं बहुतेक वेळा बरोबरच निघायचं. शिवाय मत द्यायचं म्हणजे ते आधी असावं लागतं, आणि आपल्याकडे ते आहे की नाही याबद्दलच रमाकांतरावांना शंका होती. कारखान्यात गेज, घरात निरुपमा. मधल्या बसच्या प्रवासात कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ऋचा आली. ऋचा म्हणजे निरुपमाबाईंच्या मावसबहिणीची मुलगी. विद्यापीठात संशोधन करणारी, चालता चालता बोलणारी आणि बोलता बोलता खाणारी. तिने बूट काढायच्या आतच विषय काढला.

"मावशी, मला वाचणारी माणसं हवीत."

"पुस्तक लिहिलंस की काय?"

"मी कशाला लिहू? बायकांनी लिहिलंय. म्हणजे बोलल्यात त्या, आणि मी टाइप करून घेतलंय."

तिच्या संशोधनाचा विषय असा होता: नवरा निवृत्त होऊन घरी बसला की घरात काय होतं. बडोद्यातल्या चोवीस मराठी घरांत जाऊन ती चोवीस बायकांशी तास तास बोलली होती. नावं झाकून त्यांना नंबर दिले होते. नवरे त्या वेळी घरात नसतील याची काळजी घेतली होती. हे ऐकून रमाकांतरावांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

"आणि वाचून करायचं काय?" निरुपमाबाईंनी विचारलं.

"त्यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. मुलाखत पडद्यावर दिसते. बाजूला कोडांची यादी. बाई जे बोलल्या त्याच्या तुकड्यातुकड्याला आपण कोड लावायचा. समजा, ‘आता हे मटार सोलून देतात’ असं म्हणाल्या, तर त्याला ‘मदत’. सगळ्या मुलाखती झाल्या की एक बटण दाबायचं, चोवीस घरांतली सगळी मदत एका जागी गोळा."

"त्याला बटण कशाला? एका मुठीत मावेल," निरुपमाबाई म्हणाल्या.

वर्तमानपत्र आणखी थोडं वर गेलं.

अडचण अशी होती की वाचणारी माणसं दोन हवी होती. दोघांनी तीच मुलाखत वेगवेगळी वाचायची, वेगवेगळे कोड लावायचे, आणि मग सॉफ्टवेअर सांगणार की दोघांचं किती जुळलं. एकट्याने वाचलं तर ते त्याच्या मनाचे खेळ. दोघांना तेच दिसलं तर त्यात काहीतरी तथ्य. ऋचाने कॉलेजातली दोन मुलं घेतली होती, ती नोकरी लागून अहमदाबादला गेली. पुण्याच्या एका मैत्रिणीला पाठवून पाहिलं, तर ‘आखो दिवस मगज खातात’, म्हणजे दिवसभर डोकं खातात, असल्या वाक्याशी ती अडून बसली. बडोद्याची मराठी बडोद्याच्याच माणसाला वाचता येणार.

"मी करते," निरुपमाबाई म्हणाल्या. "दुसरी आपली कौमुदी. ग्रंथपाल होती, नजर बारीक आहे."

कौमुदीबाई तिसऱ्या मजल्यावर राहत. पण त्या सुरतेला मुलीकडे गेल्या होत्या आणि तीन आठवडे तरी येणार नव्हत्या.

"मग तोवर काकांना बसव. रिकामेच असतात."

"चालेल," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

तर असे रमाकांतराव दुसरे वाचक झाले, तेही तीन आठवड्यांच्या बदलीवर. ऋचाने हिशेब स्पष्ट सांगितला. आठवड्याला एक मुलाखत. पहिल्या दोन सरावाच्या. तिसरीला दोघांचं शेकडा सत्तर जुळलं, तर काकाच कायमचे दुसरे वाचक आणि प्रबंधात त्यांचं नाव. नाही जुळलं, तर कौमुदीताई परत आल्या की त्यांना बसवायचं.

रमाकांतरावांना तेव्हा दोन्ही चालणार होतं. पण मग ऋचाने त्यांना शिकवायला घेतलं.

मुलाचा जुना संगणक मागच्या खोलीत होता. त्यावर तिने सॉफ्टवेअर घातलं, मध्ये मुलाखत, डावीकडे आठ कोड: मदत, अडथळा, समाधान, एकटेपणा, आजारपण, नातवंडं, शेजारपाजार आणि इतर. ओळीवरून माउस फिरवायचा, ती ओळ पिवळी होते, मग ती उचलून कोडावर नेऊन सोडायची. लगेच उजवीकडे समासात रंगीत पट्टी उमटते. रमाकांतरावांच्या हातून पहिल्या तीन ओळी वाटेतच सांडल्या. चौथी नीट बसली आणि समासात हिरवी पट्टी उमटली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली.

"आता ही ओळ," ऋचा म्हणाली. बाई म्हणत होत्या, ‘हे रोज मला विचारतात, कुठे चाललीस, किती वाजता येशील.’ "काका, तुम्हाला यात काय दिसतं?"

रमाकांतरावांनी सवयीने दाराकडे पाहिलं. निरुपमाबाई स्वयंपाकघरात होत्या.

"तुझ्या मावशीला विचारून..."

"मावशीला काय दिसतं ते मावशी सांगेल. तुम्हाला काय दिसतं?"

आणि ती थांबली. चालता चालता बोलणारी ती पोरगी हनुवटीला हात लावून पुरतं अर्धं मिनिट गप्प बसून राहिली. रमाकांतरावांच्या उत्तराची आजवर इतका वेळ कुणी वाट पाहिली नव्हती. शेवटी त्यांनी ती ओळ तशीच ठेवून पुढची पिवळी केली. पण ऋचा गेल्यावरही ते अर्धं मिनिट खोलीत रेंगाळत राहिलं, आणि जेवताना आमटीचा तिसरा भुरका घेता घेता रमाकांतरावांच्या लक्षात आलं, की ही खुर्ची आपल्याला हवी आहे. कौमुदीबाई सुरतेलाच राहिल्या तर बरं, असा एक पापी विचारही येऊन गेला.

पहिल्या मुलाखतीवर त्यांनी आठवडाभर घाम गाळला. रविवारी ऋचाने दोघांचं काम एकत्र केलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर आकडा आला: चौतीस.

"पस्तीसला पास," निरुपमाबाई म्हणाल्या. "एका मार्काने गेलात हो."

ऋचाने कुठे बिनसलं ते पाहिलं आणि ओढणी तोंडाशी धरली. एक तर रमाकांतरावांनी तपासनिसाच्या सवयीने एकेक शब्द मोजून घेतला होता. निरुपमाबाई शाळेच्या सवयीने अख्ख्या उत्तराला एकच खूण करत. बाईंच्या एका परिच्छेदावर मावशीची एक लांब पट्टी, तर काकांचे सात ठिपके, गोवर आल्यासारखे. आणि दुसरं म्हणजे, पन्नास तुकड्यांपैकी एकतीस तुकडे काकांनी ‘इतर’ मध्ये टाकले होते.

"काका, ‘माझं डोकं दुखतं यांच्या रेडिओने’ हे इतर?"

"डोकंदुखी म्हणावं तर आजारपण होतं. रेडिओ म्हणावं तर अडथळा. उगाच कुणावर अन्याय नको."

"आणि ‘नातू आला की घर भरतं’? यात तर नातू शब्दच आहे."

"नातू आहे खरा. पण बाईंचा रोख घरावर वाटला."

"‘इतर’ म्हणजे यांचं माहेर आहे," निरुपमाबाई म्हणाल्या. "काही झालं की तिथे जाऊन बसतात."

ऋचाने ‘इतर’ कोड यादीतून काढूनच टाकला. आता पळायला वाट उरली नाही. पूर्ण वाक्य घ्यायचं आणि सातांपैकी एक लावायचं. रमाकांतरावांनी मान डोलावली, पण आत कुठेतरी त्यांच्या पाचावर धारण बसली.

दुसऱ्या मुलाखतीचे तीन दिवस ते नुसते पडद्यासमोर बसून राहिले. ओळ पिवळी करायची, उचलायची, यादीवरून वरखाली फिरवायची आणि परत जागेवर ठेवायची. गुरुवारी दुपारी निरुपमाबाई जेवून आडव्या झाल्या. त्यांचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडाच होता. रमाकांतराव पाणी प्यायला म्हणून आले. समासात रंगीत पट्ट्या दिसत होत्या. कुठेही काडीची शंका नाही, गिचमीड नाही. प्रत्येक वाक्याला एक रंग, मुलींच्या शाळेच्या रांगेसारखा सरळ.

रमाकांतरावांनी आयुष्यात कधी चोरी केली नव्हती, आणि ही चोरी आहे असं त्यांना त्या क्षणी वाटलंही नाही. चाळीस वर्षं निरुपमाबाई जे ठरवत तेच त्यांना चालत आलं होतं, ते आज पट्ट्यांच्या रंगाने चालणार होतं, इतकंच. त्यांनी कारखान्यातली जुनी डायरी आणली आणि तपासणीचा तक्ता भरावा तसं सुबक अक्षरात उतरवून घेतलं. ओळ चार, निळा. ओळ नऊ, तांबडा. ओळ चौदा, हिरवा. मग मागच्या खोलीत जाऊन सगळं लावून टाकलं आणि बऱ्याच दिवसांनी शांतपणे झोपले.

रविवारी आकडा आला: सत्त्याण्णव.

ऋचा पडद्याकडे बघत राहिली. निरुपमाबाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं परीक्षेच्या खोलीत फेऱ्या मारणाऱ्या बाईची ती नजर होती.

"मावशी," ऋचा हळूच म्हणाली, "सव्विसाव्या ओळीवर तू ‘एकटेपणा’ लावलंयस. ती ओळ आहे, ‘गॅस बंद करून येते हं, दोन मिनिटं.’"

"बघू? अगं, माउस घसरला असेल माझा."

"असेल. होतं तसं." ऋचा वळली. "काका, तुमचाही त्याच ओळीवर घसरला?"

रमाकांतरावांनी खिडकीबाहेरच्या आसोपालवाच्या झाडाकडे बघायला सुरुवात केली.

"बोला की," निरुपमाबाई म्हणाल्या. "गॅस बंद करायला गेलेल्या बाईचा एकटेपणा तुम्हाला दिसला, तो कसा काय?"

"दोन मिनिटं म्हणाली ती," रमाकांतराव पुटपुटले. "दोन मिनिटं काय कमी असतात."

यावर दोघी इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरच्या शाहबेननी "शू थयुं?" म्हणून गॅलरीतून विचारलं. रमाकांतराव हसले नाहीत. हसणं थांबल्यावर ऋचाला ते दिसलं, आणि तिने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"काका, मावशीचं मत मला एकदा मिळालंय. तेच परत तुमच्याकडून घेऊन मी काय करू? सत्त्याण्णवाचा मला काही उपयोग नाही. चौतीस खरे होते, ते मला चालतील."

मग तिने नियम कडक केले. तिसऱ्या मुलाखतीला दोन्हीकडे पासवर्ड. आधी आपापलं करायचं. मग रविवारी तिच्यासमोर, जिथे जुळलं नाही तिथे बोलायचं. पटलं तर कोड बदलता येईल. पण बदलणाऱ्याने कारण सांगायचं, आणि ती ते टिपून ठेवणार.

"आणि ‘ती म्हणते म्हणून’ हे कारण चालणार नाही," ऋचा म्हणाली. "बोलून झाल्यावर सत्तर आले पाहिजेत."

"कौमुदी शुक्रवारी येते आहे," निरुपमाबाईंनी आठवण दिली.

सतरा नंबरच्या बाईंची मुलाखत रमाकांतरावांनी सोमवारी उघडली. डायरी कपाटात ठेवून दिली होती. पण पहिल्याच ओळीला त्यांच्या ध्यानात आलं, की डायरीची गरजच नाही. ‘हे आता भाजी आणतात, पण सव्वा तास लावतात’ हे वाचलं मात्र, ‘अडथळा’ हा शब्द निरुपमाबाईंच्या आवाजात कानाशी आला. पुढच्या ओळीलाही आला. तिसऱ्याही. न बघता शंभर टक्के जुळवता आलं असतं. पडद्याला पासवर्ड घालता येतो, चाळीस वर्षांच्या संसाराला कुठून घालणार?

त्यांनी दोन तासांत अख्खी मुलाखत निरुपमाबाईंच्या मताने करून टाकली. मग उठून गॅलरीत गेले, आले, आणि सगळ्या पट्ट्या एकेक करून पुसल्या. त्याला मात्र संध्याकाळपर्यंत वेळ लागला, कारण एकदम पुसायचं कसं हे ऋचाने शिकवलं नव्हतं.

मंगळवारपासून त्यांनी दुसरी युक्ती काढली. कानात निरुपमाबाईंचा आवाज आला की तो पूर्ण ऐकून घ्यायचा, "बरं" म्हणायचं, आणि मग त्या बाईंची ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायची. सव्वा तास. बाजारात चार ओळखीचे भेटत असतील, त्या माणसाला दिवसभरात तेवढंच बोलणं. पण कोड बाईंच्या बोलण्याला लावायचा. बाईंना काय, तर कोथिंबीर वेळेवर आली नाही. अडथळाच. इथे निरूचं बरोबर. पुढची ओळ. अशा चालीने दिवसाला बारा ओळी होऊ लागल्या. जेवताना ते गप्प असत ते नेहमीचंच, पण आता त्या गप्पपणात काहीतरी चाललेलं असे, आणि निरुपमाबाई दोनदा "काय झालं?" असं विचारून गेल्या.

शुक्रवारी अठ्ठेचाळिसाव्या तुकड्याशी ते अडले. बाई म्हणत होत्या:

‘आमच्याकडे शांतता आहे हो. मी म्हणेन ते त्यांना चालतं. गावाला जाऊ म्हटलं, चालतं. नको म्हटलं, तेही चालतं. शब्दाला शब्द नाही कधी. मीच विचारते आणि मीच उत्तर देते. बायका म्हणतात, नशीब काढलंस.’

रमाकांतरावांनी ते तीन वेळा वाचलं. मग आपल्याकडे कुणी पाहत नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. कानात निरुपमाबाई स्वच्छ म्हणाल्या, ‘समाधान.’ "बरं," रमाकांतराव म्हणाले. त्यांनी तुकडा उचलला, ‘समाधान’वरून खाली आणला आणि ‘एकटेपणा’वर सोडला. समासात जांभळी पट्टी उमटली. त्यांना असं वाटलं की जणू मालकाच्या जावयालाच नापास केलं होतं, आणि तेही गेजशिवाय.

रविवारी चौथी खुर्ची कौमुदीबाईंची होती. त्या सुरतेहून नानखटाईचा डबा घेऊन आल्या होत्या आणि नवा चष्माही. "मी आपली नुसती बघते," असं म्हणून त्या पडद्याच्या सगळ्यात जवळ बसल्या.

आकडा आला: चौसष्ट.

"वा," ऋचा म्हणाली. "हे खरं दिसतंय."

"पन्नासात बत्तीस," कौमुदीबाईंनी तोंडी हिशेब केला. "तीन कमी पडले. मी उद्यापासून मोकळी आहे बरं का ऋचा."

"अजून बोलायचं आहे ना त्यांचं," ऋचा म्हणाली.

बोलायला सुरुवात झाली. न जुळलेले तुकडे सॉफ्टवेअर मागेपुढे, कसल्याही क्रमाशिवाय काढून देत होतं. पहिल्या वादात निरुपमाबाईंनी दाखवलं, की बाई गुडघ्याबद्दल बोलत नसून जिन्याच्या दिव्याबद्दल शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणाविषयी बोलतायत. रमाकांतरावांनी वाक्य परत वाचलं, "मी गुडघ्याशीच थांबलो, पुढचं अर्धं वाचलं नाही," असं कारण दिलं आणि कोड बदलला. तेहतीस. दुसऱ्याही वेळी त्यांचंच चुकलं होतं. तेही त्यांनी बदललं. चौतीस. ऋचा टिपत होती. कौमुदीबाईंनी नानखटाई घेतली.

"एकच राहिला," त्या म्हणाल्या, जरा नाराजीनेच.

ऋचाने पुढचा तुकडा उघडला. अठ्ठेचाळिसावा. ‘आमच्याकडे शांतता आहे हो.’ समासात निरुपमाबाईंची पिवळी पट्टी, तिला लागून रमाकांतरावांची जांभळी.

"यात एकटेपणा कुठे आहे?" निरुपमाबाईंनी विचारलं. "बाई स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, शांतता आहे."

"आहे ना," रमाकांतराव म्हणाले. "तीच विचारते, तीच उत्तर देते. दोन माणसं राहतात आणि बोलतंय एकच."

"पण तिच्या मनासारखं होतंय की सगळं."

"होतंय."

"मग?"

"मनासारखं झालं हे सांगायला तिला तुझी ऋचा लागली. घरात आहे त्याला सांगून काय उपयोग? त्याला चालतंच."

निरुपमाबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही त्या बाईंबद्दल बोलताय ना?"

"सतरा नंबरच्या. नाव ऋचाने झाकलंय."

कौमुदीबाईंची नानखटाई हातातच राहिली. निरुपमाबाईंनी तो तुकडा स्वतःकडे ओढल्यासारखा पुढे वाकून पुन्हा वाचला, ओठ हलवत, मुलांचा निबंध वाचावा तसा.

"बायका म्हणतात नशीब काढलंस," त्या म्हणाल्या. "हे ती अभिमानाने सांगते आहे. तुम्ही बायकांचं बोलणं कधी ऐकलं नाहीत, मला या बायकांचा सूर कळतो. मला नाही पटत."

"मग काका," ऋचाने विचारलं, "तुम्ही बदलताय?"

तिघी त्यांच्याकडे बघू लागल्या. हा एक बदलला की पस्तीस, पस्तीस म्हणजे सत्तर, आणि सत्तर म्हणजे खुर्ची. कारणही तयार होतं. बाईंचा सूर बाईलाच कळणार, यात खोटं काय? "चालेल" दातांपर्यंत आलं. रमाकांतरावांनी ते तिथेच धरून ठेवलं आणि पाण्याचा घोट घेतला, त्याबरोबर ते खाली गेलं.

"नाही," ते म्हणाले. "मला अजून तसंच दिसतंय."

"रमाकांतभाऊ, एक तर हवाय," कौमुदीबाई न राहवून म्हणाल्या.

"हो ना. दुसरा कुठला तरी मिळेल. नाही मिळाला तर तुम्ही आहातच."

ऋचाने माउस त्या दोन पट्ट्यांकडे नेला, तशा निरुपमाबाई म्हणाल्या, "पुसू नकोस. माझा राहू दे आणि यांचाही राहू दे. मी आणखी वाचेन तो. पुढचा घे."

पुढचा होता: ‘हे डबे घासून ठेवतात हं आता. मी नंतर परत घासते, ते सोडा.’ निरुपमाबाईंनी ‘मदत’ लावलं होतं. रमाकांतरावांनी ‘अडथळा’.

"अरे वा," निरुपमाबाई म्हणाल्या. "इथे मी पुरुषांची बाजू घेतली आणि तुम्ही उलटलात?"

"डबे दोनदा घासले जातायत. आधी एकदाच घासले जायचे. आमच्याकडे याला रिवर्क म्हणायचे. रिवर्क करायला लावणाऱ्याला आम्ही मदतनीस नाही म्हटलं कधी."

"पण त्याने प्रयत्न केला. मी प्रयत्नाला मार्क दिले."

"आम्ही प्रयत्नाला देत नव्हतो," रमाकांतराव म्हणाले. "व्हॉल्व्ह गळतो की नाही तेवढं बघायचो."

निरुपमाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते पुरतं येऊ दिलं नाही. डब्यांची ओळ त्यांनी आणखी एकदा वाचली. ‘ते सोडा’ या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"‘ते सोडा’ म्हणते आहे. म्हणजे सोडलेलं नाही तिने," त्या म्हणाल्या. "मी शाळेतल्या मुलाला द्यावेत तसे त्या नवऱ्याला मार्क दिले. मार्क द्यायचेच नव्हते, बाईंचं म्हणणं बघायचं होतं. ऋचा, माझा कोड बदल. आणि कारण नीट लिही, नाही तर तुझे सर म्हणतील, बाईंनी आपल्याच नवऱ्याला पास केलं."

ऋचाने बदललं, बटण दाबलं. सत्तर.

रमाकांतरावांनी आकड्याकडे पाहिलं, मग निरुपमाबाईंकडे, मग परत आकड्याकडे. चाळीस वर्षांत ही बाई त्यांच्या बोलण्याने एका मतावरून दुसऱ्या मतावर गेल्याचा हा पहिला प्रसंग, आणि तो डब्यांवरून यावा याचंही त्यांना काही वाटलं नाही.

"म्हणजे माझं काही काम नाही तर," कौमुदीबाई म्हणाल्या आणि नानखटाईच्या डब्याचं झाकण लावायला लागल्या.

"बसा हो. झाकण कशाला लावताय," निरुपमाबाईंनी डबा आपल्याकडे ओढला.

"झालं तर मग," ऋचा लॅपटॉप मिटायला लागली. "काका, तुम्ही दुसरे वाचक. पुढची मुलाखत उद्या पाठवते. उरलेल्या तुकड्यांवर आता बोलायची गरज नाही, सत्तर पुरेत."

"थांब जरा," रमाकांतराव म्हणाले. "एकेक घेऊ ना. एकोणिसाव्या ओळीवर हिने ‘समाधान’ लावलंय, ते मला मुळीच मान्य नाही."

"मुळीच?" निरुपमाबाईंनी विचारलं.

"मुळीच."

निरुपमाबाईंनी चष्मा लावला आणि खुर्ची पडद्याजवळ, म्हणजे नवऱ्याच्या खुर्चीला लागेल अशी ओढली. "उघड गं ती एकोणीस. बघतेच."

ऋचाने घड्याळ पाहिलं, एकोणिसावी ओळ उघडून दिली आणि चौघांचा चहा ठेवायला आत गेली.